पाऊस नेईल तिकडे

झाडावरून ठिबकणारं पाणी वूडकॉक या पक्ष्याला सोसत नाही, असं वेल्समधले जुने शिकारी सांगतात. कोसळता पाऊस तो सहन करील. पण सर ओसरल्यावर स्प्रूसच्या फांद्यांवरून पाठीवर टपटपत राहणारे थेंब त्याला नको असतात. मग तो राई सोडतो आणि उघड्या उतारावर, तांबूस होऊन आडव्या पडलेल्या नेच्यांच्या बुडाशी जाऊन बसतो. पाणलाव्याचं गणित वेगळं. चिखलात लांब चोच खुपसून गांडुळं आणि अळ्या काढणाऱ्या या पक्ष्याला ओल हवीच असते, पण दलदलीवर वीतभर पाणी चढलं की चोच तळाला पुरत नाही आणि तो कुरणाच्या कडेच्या लव्हाळ्यात सरकतो. फेझंट भिजला की जड होतो, उडायचा कंटाळा करतो, कुंपणाच्या झाडोऱ्यात अंग चोरून बसतो. ससा बिळाबाहेर डोकावतही नाही. खूश असतात ती बदकं, कारण काल जे कुरण होतं तिथे आज तळं झालेलं असतं. एका रात्रीच्या पावसानं डोंगराच्या कुशीतली सगळी वस्ती अशी इकडची तिकडे होते, आणि सकाळी बंदूक घेऊन निघणाऱ्याला आधी या हलवाहलवीचा अंदाज बांधावा लागतो.

ब्रिटनमध्ये या प्रकाराला रफ शूटिंग म्हणतात. दोन-चार माणसं, एक-दोन कुत्री, पायाखाली स्वतःची किंवा भाड्यानं घेतलेली जमीन, आणि तिच्यातून उठेल ते सावज. काय उठेल हे ठाऊक नसतं, काही उठेलच असंही नसतं. संध्याकाळी पिशवीत सात-आठ जीव असले तर दिवस चांगला गेला म्हणायचा.

आपल्याकडे इंग्रजी शिकार म्हटलं की वेगळंच चित्र डोळ्यांपुढे येतं: ट्वीडचे कोट घालून ओळीनं उभे असलेले साहेब, समोरून हाकारे करत येणारी गावकरी मंडळी आणि डोक्यावरून जाणारे फेझंटचे थवे. ती हाकाऱ्याची शिकार. ती आजही जोरात चालते. त्यासाठी दर वर्षी तीन ते साडेचार कोटी फेझंट उबवून, वाढवून रानात सोडले जातात, असे अंदाज आहेत. अशा ठिकाणी पाहुणा पडणाऱ्या प्रत्येक पक्ष्यामागे चाळीस-पन्नास पौंड मोजतो आणि तोच पक्षी संध्याकाळी मांसाच्या व्यापाऱ्याला कवडीमोलानं जातो. 18 डिसेंबर 1913 या दिवशी बकिंगहॅमशरमधल्या हॉल बार्न इथे राजा पाचवा जॉर्ज आणि त्याच्या सोबत्यांनी 3,937 फेझंट मारले. परतताना राजा मुलाला म्हणाला, आज जरा अतीच झालं. राजालाही जे अती वाटलं त्याच्याबद्दल मला वेगळं काही म्हणायचं नाही. हाताने दाणे टाकून वाढवलेला पक्षी हाकारून माणसाच्या अंगावर घालायचा आणि त्याला शिकार म्हणायचं, हे मला पटत नाही. रफ शूटिंगबद्दल मात्र माझं मत इतकं सरळ नाही, आणि ते तसं का नाही हे वेल्समध्ये घालवलेल्या एका ओल्या शनिवारात कुठे तरी आहे.

जागा केरेडिग्यॉन, म्हणजे वेल्सचा पश्चिम किनारा धरून असलेला परगणा. टायवी नदीच्या वरच्या खोऱ्यात, ट्रेगॅरन गावापलीकडे, कँब्रियन डोंगरांच्या पायथ्याशी मेंढ्यांची एक वाडी. माझ्या एका मैत्रिणीचं हे सासर. ती मूळची कोल्हापूरची, तेव्हा वाडीच्या मालकांना आम्ही आपापसात सासरेबुवाच म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे, घरात भाषा वेल्श, पाहुण्यांशी सावकाश आणि नेमकं इंग्रजी. त्यांच्याबरोबर शेजारचा एक शेतकरी आणि त्याचा कॉलेजात शिकणारा मुलगा. बंदुका तीन. माझ्या हातात झुडपं बडवायला हेझलची काठी.

डिसेंबरात इथे सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि चारला मावळतो. त्यात असं आभाळ असलं तर हाती सहा तासांचा उजेड. रात्रभर मुसळधार पडून सकाळी पाऊस रिपरिपीवर आला होता. सासरेबुवांनी दारात उभं राहून वारा पाहिला आणि ठरवलं: आधी नदीकाठचं कुरण, मग दलदल, मग नेच्यांचा उतार, कुंपणं दुपारनंतर. मी विचारलं, फेझंट शेवटी का? "पावसात तो कुठे जाणार? आहे तिथेच बसेल. बाकीच्यांचा भरवसा नाही."

बंदुकीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण पावसात तिचेच जास्त चोचले करावे लागतात. सासरेबुवांची वडिलोपार्जित दुनळी, नळ्या शेजारी-शेजारी, बारा बोअरची; शेजाऱ्याची नव्या धाटणीची, नळीवर नळी असलेली; मुलाची वीस बोअरची, हलकी. परवाना पोलीस देतात, पाच वर्षांचा. त्याआधी ते घरी येऊन लोखंडी कपाट पाहतात, डॉक्टरकडून माहिती मागवतात. पूर्वी काडतुसांची कवचं कागदी असत आणि ओल लागली की फुगून नळीत अडकत. आता कवचं प्लॅस्टिकची, त्यामुळे ती डोकेदुखी गेली. धोका राहिला तो चिखलाचा. चिखलात घसरून पडलेल्या माणसानं उठल्यावर पहिली गोष्ट करायची ती बंदूक उघडून, काडतुसं काढून, नळ्यांतून आभाळ पाहणं. टोकाशी चिखलाचा बूच बसला असेल आणि तसाच बार काढला तर नळी फाटते. कुंपण ओलांडताना बंदूक मोडून हातावर घ्यायची, म्हणजे ती भरलेली नाही हे सगळ्यांना दिसतं. आणि आभाळ मागे दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. "तुम्ही माझ्या डावीकडे, एक पाऊल मागे. पुढे कधीच नाही," एवढंच मला सांगण्यात आलं.

काडतुसांत शिसं नव्हतं, आणि त्याचं कारण या मिश्र शिकारीच्या स्वभावातच आहे. पाणपक्षी तळातले खडे गिळतात तसे शिशाचे छर्रेही गिळतात आणि विष भिनून मरतात. म्हणून बदकांवर शिसं वापरायला इंग्लंडमध्ये 1999 पासून आणि वेल्समध्ये 2002 पासून बंदी आहे. फेझंटवर ते कायद्यानं चालायचं. पण पुढच्या पावलाला फेझंट उठणार की बदक, हे ज्याला माहीत नाही त्यानं नळीत काय भरायचं? 2020 मध्ये शिकाऱ्यांच्याच नऊ संघटनांनी पाच वर्षांत शिसं सोडायचं आवाहन केलं, आणि 2025 मध्ये सरकारनंही बंदीची घोषणा केली. शेजाऱ्याच्या नव्या बंदुकीला पोलादी छर्रे चालतात. सासरेबुवांच्या दुनळीच्या पातळ नळ्यांना पोलाद सोसत नाही, तेव्हा ते बिस्मथची काडतुसं घेतात. ती शिशाच्या कितीतरी पट महाग. "त्यामुळे माझा नेम सुधारला," ते म्हणाले. मुलानं मान फिरवून हसू लपवलं.

नदीकाठच्या कुरणात पाण्याची चार-पाच डबकी साचली होती. आम्ही कुंपणाच्या आडोशानं वाकून गेलो. टील हे इथल्या बदकांतलं सर्वांत लहान, आणि दचकल्यावर ते आडवं न जाता सरळ वर झेप घेतं. सात-आठ टील उठले, तीन बार झाले, एक पडलं. बाकीचे नदीच्या वळणाआड गेले. झालं एवढंच, पुढच्या अर्ध्या तासात त्या कुरणात काहीही घडलं नाही.

दलदलीत मात्र एक गंमत कळली. कुत्र्याला वास यायचा असेल तर वारा तोंडावर हवा, म्हणून सगळीकडे वाऱ्याच्या विरुद्ध चालतात. पाणलाव्याच्या बाबतीत उलट. हा पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उठतो. तुम्ही वाऱ्याच्या विरुद्ध गेलात तर तो तुमच्यापासून लांब, नागमोडी गिरक्या घेत, सेकंदात टप्प्याबाहेर. वारा पाठीवर घेऊन गेलात तर उठल्यावर त्याला तुमच्याकडेच वळावं लागतं आणि क्षणभर तो वाऱ्यात अडखळल्यासारखा होतो. तो क्षण खरा. म्हणून दलदलीला मोठा वळसा घालून आम्ही पलीकडून शिरलो, आणि नेल नावाच्या स्प्रिंगर स्पॅनियल कुत्रीला सासरेबुवांनी पायाशी ठेवलं. इथे तिच्या नाकाचा उपयोग नव्हता.

सासरेबुवांनी सांगितलं होतं तसेच पाणलावे दलदलीच्या मध्ये नव्हते, कडेच्या लव्हाळ्यात होते. करकरीत आवाज करत पहिला उठला आणि दोन्ही बार चुकवून गेला. नंतर दोन पडले. हातात घेतला तर पक्षी जेमतेम शंभर ग्रॅमचा, पाठीवर पिवळसर रेघा. हाच पक्षी हिवाळ्यात उत्तरेकडून येऊन आपल्या कोकणातल्या भातखाचरांतही उतरतो. तिथे त्याच्यामागे चिखल तुडवणाऱ्या गोऱ्या अंमलदारांच्या गोष्टी जुन्या शिकारकथांत सापडतात. दोन घासांच्या मांसासाठी कोणी जीव घेऊ नये, असं माझ्या मनात आलं. मी ते बोलून दाखवलं नाही, पण सासरेबुवांनी चेहरा वाचला असावा. "मीही दोन पुरेत म्हणतो," ते म्हणाले आणि दलदल अर्धी बाकी असताना बाहेर पडले.

नेच्यांच्या उतारावर नेल मोकळी सुटली, आणि मग पुढचा तासभर बंदुकांकडे माझं लक्षच नव्हतं. स्पॅनियलचं काम बघत राहावं असं असतं. ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नांगरटीचे तास धरल्यासारखी जाते, पण वीस-पंचवीस पावलांच्या पुढे नाही, कारण त्यापलीकडे उठलेलं सावज बंदुकीच्या टप्प्यात राहत नाही. छऱ्यांचा भरवशाचा टप्पा चाळीस यार्डांच्या आतबाहेरचा. शिट्टीची एक छोटी फुंकर आली की असेल तिथे बुड टेकते. पक्षी उठला, बार झाला, तरी हुकूम होईपर्यंत हलत नाही. आणि आणताना पक्ष्याचं पीसही चुरगळत नाही. हवा दमट आणि सौम्य असली की वास जमिनीलगत टिकतो, जोराच्या पावसात धुऊन जातो. दहाच्या सुमारास सर आली तेव्हा नेल गोंधळली, पुन्हा पुन्हा मागे वळून पाहू लागली. सर थांबल्यावर पाच मिनिटांत तिच्या शेपटीची लय बदलली. सासरेबुवांनी फक्त बोट वर केलं. काही तरी आहे.

वूडकॉक उठताना आवाज करत नाही. तांबडा, वाळक्या पानांच्याच रंगाचा पक्षी पानांतूनच निघाल्यासारखा वर आला आणि माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून, झुडपांना वळसे घालत निघाला. तिघांपैकी कोणीही बार काढला नाही. तो दोघांच्या मधून जात होता. ब्रिटनमधल्या शिकाऱ्यांत म्हण पडावी इतकं हे सर्वांना माहीत आहे की वूडकॉक दिसला की सगळ्यांनी जमिनीवर पडावं. उत्साहात माणसं त्याच्यामागे बंदूक फिरवतात आणि ओळीतला शेजारी विसरतात. दुसरा वूडकॉक वर, मोकळ्या आभाळात गेला. तो मुलानं पाडला.

या पक्ष्याबद्दल आधी थोडं वाचलेलं होतं. डोळे डोक्याच्या इतक्या मागे की त्याला चहूबाजूंचं दिसतं. दिवसा रानात दडायचं आणि रात्री कुरणात उतरून गांडुळं खायची. इथे हिवाळ्यात दिसणारे बहुतेक वूडकॉक स्कँडिनेव्हिया, बाल्टिक देश आणि रशियातून येतात. तिकडची जमीन गोठली की चोच मातीत जात नाही; अटलांटिकच्या उबदार वाऱ्यांमुळे वेल्सची जमीन सहसा गोठत नाही. नोव्हेंबरच्या पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला, मोठे थवे उतरतात. गेम अँड वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन ट्रस्टनं 2012 पासून काही पक्ष्यांवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली, तेव्हा त्यातले काही उन्हाळ्यात थेट सैबेरियात पोहोचल्याचं दिसलं. ब्रिटनमध्येच घरटी करणारे वूडकॉक मात्र घटत चालले आहेत. म्हणून हंगाम कायद्यानं 1 ऑक्टोबरला उघडत असला तरी पाहुणे पक्षी येऊन मिसळेपर्यंत, म्हणजे 1 डिसेंबरपर्यंत, बार काढू नका असा त्याच संस्थेचा सल्ला आहे. सासरेबुवा तो पाळतात. शेजारी म्हणाला, मी वूडकॉक मारतच नाही. मुलगा गप्प राहिला. त्याच्या पिशवीत तो होता. बापलेकांत यावर आधी बोलणं झालेलं असावं, हे त्या शांततेवरून कळत होतं.

मारणाऱ्यालाच पक्षी जास्त माहीत असतो, ही गोष्ट मला अडचणीची वाटते. पण ती खोटी नाही. सालिम अलींची वाटही मुंबईत छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या एका चिमणीपासून सुरू झाली. ती कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे गेले होते.

दुपारी मेंढ्यांच्या गोठ्यात गवताच्या गासड्यांवर बसून चहा आणि बारा ब्रिथ, म्हणजे मनुका घातलेला वेल्श पाव. वर लाल घारी घिरट्या घालत होत्या. आपल्या घारीपेक्षा तांबूस, शेपूट खोल दुभंगलेली. एके काळी ही घार जवळजवळ सगळ्या ब्रिटनमधून नाहीशी झाली होती. शिकारीचे पक्षी खाते म्हणून जमीनदारांच्या रखवालदारांनी तिला गोळ्या घातल्या, विष घातलं. उरलेल्या मोजक्या जोड्या याच डोंगरांत तगल्या. आता त्या बंदुकीचा आवाज ऐकून उलट जवळ येतात.

बोलणं कायद्यावर आलं, कारण गोठ्याच्या दाराशी सशांचे जुने सापळे गंजत लटकले होते. सासरेबुवांच्या वडिलांच्या काळात या भागातून सशांचे डाग रेल्वेनं इंग्लंडातल्या शहरांकडे जात. कित्येक घरांचा हिवाळा त्यावर निघे. 1953 मध्ये मिक्सोमॅटोसिसचा रोग ब्रिटनमध्ये शिरला आणि दोन-तीन वर्षांत जवळजवळ सगळे ससे मेले. ते दात असलेले सापळे 1958 पासून बेकायदा झाले. "पण ससा मारायचा हक्क मात्र 1880 पासून कुळाचा," ते म्हणाले, आणि पुढे बराच वेळ तेच बोलत होते. त्याआधीचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. 1671 च्या कायद्यानं वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची जमीन असल्याशिवाय कोणी तित्तिर किंवा खरगोश (हेअर) मारू शकत नव्हता. 1723 च्या कायद्यानं तोंडाला काळं फासून रानात शिरणाऱ्याला फाशी लावली. 1828 च्या कायद्यानं रात्री चोरून शिकार करणारा तिसऱ्यांदा सापडला तर ऑस्ट्रेलियाला रवाना होऊ लागला. 1831 मध्ये जमिनीची अट गेली, पण शिकारीचा हक्क जमीनदारांनी करारात आपल्याकडेच ठेवला. कुळाच्या शेतात ससे आणि खरगोश पीक खात आणि कुळानं बघत राहायचं. 1880 च्या कायद्यानं तेवढं थांबवलं. करारात काहीही लिहिलेलं असो, ससा आणि खरगोश मारायचा कुळाचा हक्क कोणाला काढून घेता येत नाही.

हे ऐकताना मला फासेपारधी आठवत होते. फास्यांनी तित्तिर आणि लावे धरून जगणाऱ्यांना हे कायदे करणाऱ्यांच्याच सरकारनं गुन्हेगार जमात ठरवलं, आणि आपल्या राजेरजवाड्यांच्या शिकारखान्यांना मात्र हात लावला नाही. दाजीपूरचं जंगल कोल्हापूरकरांचं राखीव शिकाररान होतं. ते पुढे अभयारण्य झालं. आज 1972 च्या कायद्यामुळे आपल्याकडे रानातली शिकार बंद आहे आणि ती बंद राहावी असंच माझं मत आहे. तरी कोकणात रानडुकरांनी रात्रीत भात उद्ध्वस्त केलेला शेतकरी आणि 1880 पूर्वीचं वेल्श कूळ एकमेकांना लगेच ओळखतील.

दुपारनंतरची कुंपणं म्हणजे निव्वळ मेहनत. हॉथॉर्न, ब्रँबल, हॉली यांची जुनी वाढलेली भिंत. एका बाजूला नेल आणि मी, दुसऱ्या बाजूला बंदुका. माझा मेणकापडाचा कोट खांद्यांवर झिरपू लागला होता आणि बुटांत पाणी बोलत होतं. म्हातारे फेझंट उडण्याआधी पळतात. कुंपणाच्या आतून दोनशे पावलं पळत जाऊन टोकाला थांबतात. म्हणून एक बंदूक आधीच टोकाला उभी करायची. सासरेबुवा गेले. तिथून तीन बार ऐकू आले आणि दोन फेझंट मिळाले. तिसरा आम्ही वळताना नेलनं गवताच्या पुंजक्यातून काढला, इतका भिजलेला की जेमतेम कुंपणावर चढला. शेजाऱ्यानं बंदूक खाली घेतली. तो पक्षी चालत गेला.

अंधारायच्या आधी गोर्सच्या काटेरी झुडपातून एक ससा सुटला. गोर्सखाली जमीन कोरडी असते, म्हणून पावसातही एखादा तिथे बसलेला सापडतो. सासरेबुवा आणि शेजारी, दोघांचे बार एकाच क्षणी झाले. ससा कोलमडला. दोघांनीही एकमेकांना म्हटलं, छान नेम. आणि दोघांच्याही आवाजात तो आपलाच असल्याची खात्री होती.

वाडीवर परतल्यावर आधी कुत्री. नेलला कोरड्या टॉवेलनं पुसून, पंज्यांतले काटे काढून, खायला घालून झालं. मग बंदुका: नळ्या पुसल्या, कापडाचा बोळा आरपार फिरवला, तेलाचा हात दिला आणि कपाट बंद. मग माणसं. फेझंट आणि बाकीचे पक्षी वाटून थंड खोलीत टांगले. ससा कोणालाच नको होता. टांगून मुरवायचा नसतो, ताजा खातात, आणि सोलायला त्या रात्री अंगात त्राण नव्हतं. मैत्रिणीनं तो मागून घेतला. कोल्हापूरहून आलेली कांदा-लसूण चटणी, खोबरं आणि मंद आच. वेल्श ससा पांढऱ्या सॉसपेक्षा तांबड्या रश्श्यात जास्त शोभतो, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

सासरेबुवांनी घामाघूम होत दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि मध्येच थांबले. दाताखाली छर्रा आला होता. तो त्यांनी धुऊन ताटाच्या कडेला ठेवला, उठले, फ्रिजवरचं लोहचुंबक काढून आणलं. बिस्मथ चुंबकाला चिकटत नाही, पोलाद चिकटतं.

छर्रा टुणकन उडी मारून चुंबकाला चिकटला.

सासरेबुवांनी चुंबक परत फ्रिजवर लावलं, खुर्ची पुढे ओढली आणि सुनेकडे ताट सरकवलं. "अजून थोडं वाढ. माझाही एखादा असेल आत."